शिबं आणि सोसायटीचा तलाव

पाण्यात उतरलं की माणसामाणसांतले सगळे भेद गळून पडतात, असं आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तरणतलावाच्या उद्घाटनाला शाल सावरत सांगितलं होतं. दोन महिन्यांनी त्यांनी मला पाण्याबाहेर काढलं.

कारण माझ्या छातीवरची शिबं. फिकट, चार-आण्याएवढे डाग. सत्तावन्नाव्या वर्षी मी नुकताच पाठीवर तरंगायला शिकलेलो. कान पाण्यात, पोट आकाशाकडे, आणि डोंबिवलीतला एकही हॉर्न ऐकू येत नाही! या आनंदाने मला हसू फुटायचं आणि नाकात पाणी जायचं. काठावर अध्यक्ष हातवारे करताना दिसले, तेव्हा मीही प्रेमाने हात हलवला. शेवटी त्यांनी शिट्टी वाजवली.

“अहो, बाहेर या! हे पसरतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मगच उतरा.”

ते स्वतः पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून पोहायचे. आम्ही ते संस्कार समजायचो.

असलं दुखणं डोंबिवलीकर डोंबिवलीत दाखवत नाही. दवाखान्यात शेजारीण भेटते. मी कल्याण गाठलं. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्रात मान खुपसून बसलेले. काउंटरवरची मुलगी ओरडली, “शिबंवाले कोण? चला आत!”

मी उठलो. वर्तमानपत्रही उठलं. मागे अध्यक्ष होते.

“मिसेसचा रिपोर्ट न्यायला आलोय,” ते म्हणाले.

“काका, शर्ट काढून ठेवा,” मुलगी त्यांना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना शेजारी-शेजारी उघडं उभं केलं. अध्यक्षांच्या पाठीवर माझ्या दुप्पट डाग होते. मला छातीत गुदगुल्या व्हायला लागल्या.

“यीस्ट आहे,” बाई म्हणाल्या. “पाव फुगवतं ना, त्याचं लांबचं नातेवाईक. सगळ्यांच्याच कातडीवर असतं. घाम आणि दमट हवा मिळाली की माजतं.”

“म्हणजे तलावातून आलं?” अध्यक्षांनी आशेने विचारलं.

“तलावातही यीस्ट सापडतात. काही तुमच्याच अंगावरून उतरलेली. पण हे डाग एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. खुशाल पोहा.”

“तसं लिहून द्या,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी शर्ट अंगात चढवला. मग हळूच म्हणाले, “दोन प्रती द्या.” इथे मला हसू आवरलं नाही, आणि मग त्यांनाही. बाईंनी आम्हाला बाहेर जाऊन हसायला सांगितलं.

रविवारी आम्ही दोघे उघड्या अंगाने पाण्यात होतो. औषध दोघांनाही एकच मिळालेलं: डागांवर चोळायला कोंड्याचा शाम्पू.