खोळीखालचं डोस्कं

कुंता बिसेनच्या पायाला भिंगरी आहे, असं सालेकशाकडच्या त्या गावात सगळेच म्हणत. बाई जेवायचीसुद्धा चुलीपाशी उभ्यानं. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की मग तर विचारूच नका. सकाळी आपल्या धानाच्या बांधीत, दुपारून दुसऱ्याच्या. अनुसयाबाईच्या टोळीत तिच्याइतक्या झपाट्यानं धान रोवणारी दुसरी नव्हती.

२००६ च्या रोवण्यात एके दिवशी तिची योगेश्वरी शाळेतून आली ती पावसाची प्लास्टिकची खोळ डोक्यावर तशीच ठेवून. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. तिसरीतली पोर, भारी हळवी. वासरू विकलं तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की डोक्यात उवा दिसल्या म्हणून बाईंनी तिला वेगळ्या पोत्यावर बसवलं. मला विचाराल तर त्या बाईंनाच पोत्यावर बसवायला हवं होतं.

"माय, मी घाण आहो का वो?"

हे ऐकून हात थांबतील ती कुंता कसली! तिनं फणी घेतली आणि खसाखसा ओढली, पोरीच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर. उवा आल्या कुठून? शेजारची रिंकी झाली, भावाकडचं लग्न झालं, कोणावर संशय घ्यायचा तिनं बाकी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्या उतरल्या ती ओरडली, "अनुसयाबाई, पोरीच्या डोस्क्यात उवाच उवा झाल्या. काय लावू वो?"

सारी बांधी हसली. कोणी करंजीचं तेल सांगितलं, कोणी रॉकेल, तर कोणी म्हणालं, "टकलीच कर!" योगेश्वरी तेव्हा मागं, बांधीच्या कडेला धुऱ्यावर डबा घेऊन उभी होती. डबा तिथंच ठेवून ती पळाली.

संध्याकाळी तिनं आईपुढं कात्री धरली. "काप. सारेच काप. मंग कोणी हासणार नाही."

कमरेपर्यंतचे केस! कुंतानं कात्री तांदळाच्या डब्यात लपवली. उठली, बसली, अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि त्या घालमेलीत कराकरा आपलं डोकं खाजवलं. हात तिथंच राहिला. आठवडाभर ती असंच खाजवत होती. घाम असेल, चिखल असेल म्हणून सोडून देत होती. टोळीत कोणाची खोळ कोणती, याचा पत्ता नसायचा. धुऱ्यावर हाताला लागेल ती डोक्यावर घ्यायची आणि तीच घरी न्यायची. सकाळी तीच घालून पोर शाळेत जायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! कुंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी बाया धुऱ्यावर शिदोरी सोडून बसल्या, तेव्हा कुंता योगेश्वरीला हाताला धरून घेऊन आली. पोरीनं खोळीत तोंड लपवलेलं. कुंता तिच्यापुढं पाठ करून खाली बसली आणि अंबाडा सोडला.

"पाय बरं माह्या डोस्क्यात उवा."

"इथं? साऱ्या पाहून राहिल्या ना!"

"पाहू दे. मी साऱ्यायसमोर बोललो, तू साऱ्यायसमोर पाय."

पोरीची बोटं आधी भीत भीत फिरली. मग ती एकदम ओरडली, "माय! केवढी मोठी आहे वो!"

"माह्यापासूनच लागल्या तुले. तू घाण नाही, बाई. मीच न पाहता खोळा आणल्या."

आज कोणी हसलं नाही. अनुसयाबाईचा हात हळूच स्वतःच्या डोक्याकडं गेला. शेजारी बसलेल्या शामकलानं मांडीवरची खोळ दूर सरकवली.

जेवणं आटोपली, टोळी परत बांधीत उतरली. कुंताची ओळ तेवढी रिकामी राहिली. तिचे पाय चुळबुळायला लागले. खालून हाक आली, "कुंता, येऊन राहिली का?" आणि सवयीनं ती अर्धी उठलीही.

"हालू नको ना, माय! अजून एक आहे."

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून योगेश्वरीनं आपली खोळ केव्हाच मागं टाकून दिली होती. उन्हात तिचे केस मोकळे सुटले होते.

कुंता पुन्हा खाली बसली, आणि हालली नाही.