विझलेल्या दारातून

रंगाच्या कारखान्यात तिला सगळे ‘मोठी’च म्हणत. तिची धाकटी बहीण तिथेच डबे भरायच्या खोलीत होती, आणि धाकटीचा नवराही. सोयरीक मोठीनेच जुळवलेली. मेहुणा तिला चिडवायचा, “ताई, तुमच्या भाजीत मीठ आणि आमच्या संसारात तुम्ही, दोन्ही अंमळ जास्तच!”

त्या दुपारी डबे भरायच्या खोलीत रंग पातळ करायच्या थिनरचा नळ तुटला आणि कुठूनतरी ठिणगी पडली. मोठी मागच्या आवारात पिंपं धूत होती. ती धावत आली तेव्हा दारभर ज्वाळा होत्या. खिडक्यांना गज. आतून धाकटी ओरडत होती, “ताई! ताई गं!”

मोठीने हातातली बादली ओतली. आग विझायची सोडून पाण्यावर तरंगत तिच्याच पायांशी आली. फोरमनने तिला मागे ओढलं.

“बंब येतोय, थांब!”

“येईपर्यंत काय राख गोळा करू?”

तेवढ्यात भिंतीला लागून असलेली कॉम्प्रेसरची हवेची टाकी तापून फुटली. मोठी उताणी पडली. कानांत नुसती शीळ. उठून बघते तर दार काळं! फुंकर मारून दिवा मालवावा तशी आग नाहीशी झालेली. “विझली, विझली!” कुणीतरी ओरडलं.

मोठी आत घुसली. दाराशीच मेहुणा पालथा पडला होता. कोपऱ्यातून धाकटीचा खोकला ऐकू आला. मोठीने मेहुण्याला ओलांडलं, धाकटीला काखांत हात घालून फरफटत आणलं आणि पुन्हा त्याला ओलांडून बाहेर पडली. तिला आवारात टाकून वळली, तोच दार भक्कन पेटलं.

“आत्ता तर विझली होती!” असं म्हणत ती दोनदा धावली. दोन्ही वेळा फोरमनने तिला कवेत धरून ठेवलं. तिने त्याचा हात चावला, तरी त्याने सोडलं नाही.

नंतर बंबावरच्या माणसाने सांगितलं, “स्फोटाच्या धक्क्याने ज्वाळा उडते, बाई. पण थिनर वाहतच होतं, लोखंड लाल होतं. ती परत पेटणारच होती.”

मोठीने मान हलवली. तिला त्यातलं काही नको होतं.

धाकटीचे दोन्ही हात भाजले होते. मोठी तिला घास भरवायची. एकदा घास तोंडाशी असतानाच धाकटीने विचारलं, “ते दाराजवळच होते ना?”

“होते.”

“जिवंत होते?”

“मी बघितलंच नाही गं. तुझा खोकला ऐकू येत होता.”

धाकटीने तोंड फिरवलं. घास मोठीच्या हातात तसाच राहिला.

पट्ट्या निघाल्यावर धाकटी सासूकडे राहायला गेली. मोठी दर आठवड्याला भाजीचा डबा घेऊन जाते. सासू दार उघडते, डबा घेते आणि म्हणते, “झोपलीय ती.” आतून भांड्यांचा आवाज येत असतो.