मंदाच्या घरची भाकरी

अक्का गेल्या हे मला सोयगावच्या बसस्टँडवर कळलं. माहेरचं लग्न उरकून मी निघाले होते, अंगावर अजून लग्नातली साडी. पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस मेल्या!" असं बोलायला नको होतं, पण तोंडाला आलं ते बोलले. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पडेगावला घरी पोहोचेपर्यंत मी रडले नाही. रस्ताभर चिडले होते. सगळ्या वस्तीची भांडणं अंगावर घेणारी बाई, आणि जाताना कुणाला त्रास नको म्हणून अशी गुपचूप निघून गेली... हा काय शहाणपणा झाला?

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. आमच्याकडं पाण्याचा टँकर आला की वरच्या गल्लीची आणि खालच्या गल्लीची जुंपायचीच. कुणाचा पाइप आधी, कुणाचा हंडा मधे घुसला, यावरून झिंज्या धरण्यापर्यंत मजल. मग बाया अक्कांच्या पुढच्या खोलीत यायच्या. एकीचं ऐकून होईपर्यंत दुसरीनं तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. मधे कुणी बोललं की अक्का सरळ उठून स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि बाया एकमेकींकडं बघत कावऱ्याबावऱ्या बसून राहायच्या. सणाच्या तोंडावर शांतता समितीची बैठक भरायची. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, शाली-नारळ त्यांना. अक्कांना बोलावणं चहाचं बघायला. मी म्हणायची, "कशाला जाता त्यांच्याकडं?" त्या म्हणायच्या, "अगं, कोण कुणाकडं डोळे वटारून बघतंय ते चहा देतानाच कळतं."

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र टँकरवरचं भांडण बायांच्या हातातून पुरुषांच्या हातात गेलं. खालच्या गल्लीतल्या मंदाच्या पोरानं लोखंडी पाइप उचलला आणि वरच्या गल्लीतल्या कौसाबाईच्या पोराच्या डोक्यात घातला. कौसाबाईचा पोरगा शेंद्र्याला कंपनीत कामाला होता, त्या दिवशी सुट्टी म्हणून पाणी भरायला आलेला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेला. कोण कुठल्या जातीचं ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच बाजू धरून बसतो. मंदाच्या पोराला पोलिसांनी नेलं, त्याची केस उभी राहिली, त्यात अक्कांनी कधी तोंड घातलं नाही. पण माती देऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी वरच्या गल्लीतली माणसं कौसाबाईच्या दारात जमली. कुणाच्या हातात गज, कुणाच्या हातात रॉकेलचा डबा. खालच्या गल्लीतली लेकरं घरात कोंडून घेऊन बसली होती.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या बाया पिठलं-भाकरी नेतात, त्याला कडू घास म्हणतात. ज्याचा कडू घास पोटात गेला, त्याच्या घरावर हात उचलायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. अक्का सकाळीच मंदाच्या घरी गेल्या. ती बिचारी भिंतीला टेकून बसलेली, पोटच्या पोरानं असं केल्यावर ती तरी काय करणार? अक्कांनी तिला उठवलं, भाकऱ्या थापायला लावल्या, फडक्यात बांधल्या आणि एकट्या कौसाबाईकडं घेऊन आल्या. मी तिथंच होते. अक्कांनी स्वतःच्या हातानं घास भरवले. कौसाबाईला कशाचीच शुद्ध नव्हती, तोंड उघडायची आणि गिळायची. मग अक्का उंबऱ्यावर येऊन पुरुषांना म्हणाल्या, "कौसानं मंदाच्या घरची भाकरी खाल्लीय. आता तुम्ही कुणासाठी निघालात?"

गज खाली आले. रॉकेलचा डबा घेतलेला आधी गेला, मग बाकीचे. आणि आत कौसाबाई उठली, मोरीत गेली, घशात बोटं घातली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. देवा, तसं ओकताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

त्यानंतर एकही घर जळालं नाही, एकही पोरगं मेलं नाही. लोक अक्कांचं कौतुक करायचे आणि अक्का उठून आत जायच्या. कौसाबाईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. अक्का तिच्या दारात जायच्या, "कशी हाईस कौसे?" विचारायच्या, आणि ती दार लोटून घ्यायची. एकदा भाजी निवडता निवडता अक्कांनी मला विचारलं, "माझं चुकलं का गं?" माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. मी म्हटलं, "चुकलं. पण तुम्ही ते केलं नसतं तर आज अर्धी गल्ली राखेत असती." त्या म्हणाल्या, "तिनं एकदा शिव्या तरी द्याव्यात. मी ऐकून घेईन." तेवढीच इच्छा होती त्यांची. ती गल्लीतल्या कुणालाही पुरी करता आली नाही, मला पण नाही.

दहाव्याला सगळं आटोपलं, माणसं पांगली, आणि कौसाबाई आली. मेलेल्या माणसाला शिव्या द्यायला आली असंल तर मी काय करू? ती अक्कांच्या खोलीत जमिनीवर बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "कौसाबाई, इतकी वर्षं त्या तुमच्या दारात येत होत्या. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"रोज यायची," ती म्हणाली. "कशी हाईस, इचारायची. कशी असणार व्हते मी?" मग पदरानं तोंड पुसलं. "मंदा माझी वैरीण नव्हती वो बाई. तिचं बी पोरगं गेलंच की तुरुंगात. आन् खालच्या गल्लीतल्या लेकरांनी माझं काय केलं व्हतं? पण पोरगं माझं मेलं व्हतं. मला एकदा तरी इचारायचं... लेकरावानी भरवलं मला. इचारलं असतं ना, तर मी माझ्या हातानं खाल्लं असतं. सगळ्यांच्या म्होरं बसून खाल्लं असतं."

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. मी तिला थांबवलं नाही.

अक्कांची खोली आता मीच झाडते. परवा झाडता झाडता हातातला झाडू ठेवला आणि मोठ्यानं म्हणून बघितलं, "अक्का, तिनं खाल्लं असतं हो." आमच्या घरात हे ऐकायची गरज एकाच माणसाला होती. मला कळून काय उपयोग?