हळदीत मामीने बाही वर केली

मैत्रिणींनो, आत्ताच दिवेआगरहून मामेबहिणीची हळद आटोपून आले. डोकं भणभणतंय.

वजन उतरल्यावर माझ्या दंडांची कातडी पिशवीसारखी लोंबायची. ती ऑपरेशन करून काढून घेतली. काखेपासून कोपरापर्यंत व्रण राहिलेत, म्हणून मी लांब बाह्याच घालते.

नवरीला हळद लावून झाली, तशा बायका एकमेकींना फासायला लागल्या. मामीने हसतहसत माझी बाही वर सरकवली आणि तिचा हात तिथेच थांबला. "अगो, हे काय झालंय तुला?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "भाजलंय तिला."

आईला सगळं ठाऊक आहे. पण ऑपरेशन म्हटलं असतं तर 'नखरे' म्हणून नावं ठेवली असती. भाजलं म्हटल्यावर सगळ्यांनी मला जवळ घेतलं. मग एकेकीची नजर संशयाने मांडवात पंगत वाढणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे वळली. ऑपरेशननंतर माझे हात वर होत नव्हते, तेव्हा याच माणसाने रोज माझी वेणी घातली होती.

आणि मी खरं न सांगता बाही खाली ओढली.

येताना गाडीवर त्याने विचारलं, "आज मामी माझ्याशी बोललीच नाही. माझं काही चुकलं का गं?"

काय सांगू त्याला?