वाणात दिलेला पेनड्राइव्ह

बटणाच्या वर बोट धरून तो थांबायचा. दाबायचा नाही. पडद्यावर आलेली इंग्रजी ओळ आधी पुटपुटत वाचायचा आणि मग मला विचारायचा, "अक्का, हे कुणाच्या जिवावर चालतंय, ठाव हाय का?" मला काय ठाऊक असणार? मी चहा ठेवायला उठायची.

सात रस्त्याजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा दुधनीकडचा, म्हणून बोलण्याला कानडी हेल. आमच्या घरी चादरींची नक्षी काढायचं काम. यांची नजर अधू झाली तेव्हा साठीला टेकलेली मी माउस धरायला शिकले, ते त्याच्याकडूनच. नक्षीचा प्रोग्रामही त्यानंच शोधला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट. पण तुम्ही कधी असला प्रोग्राम घातला असेल तर तुम्हाला माहीत असेल, तो एकटा येत नाही. त्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि तिसरा रुसला की पहिलाही उठत नाही. लग्नघरातली माणसंच की. एकेका कॉम्प्युटरपुढे तो दोन-दोन दिवस बसून असायचा.

मीच त्याच्या मागे लागले. गल्लीतल्या बायकांना जमेल असं काहीतरी कर म्हटलं. महिनाभर खपून त्यानं सगळं एका पेनड्राइव्हमध्ये बांधलं. लावायचा, एकदा दाबायचं, झालं. लागतील ते तुकडे प्रोग्राम स्वतःच नेटवरून आणणार, पुढे नवे आले तर आपोआप बदलणार. मी खूश होते. तो नव्हता. म्हणाला, "लई सोपं झालंय अक्का. आता आत काय हाय ते कोण बघणार न्हाय."

आणि संक्रांतीला मी काय केलं, तर हळदीकुंकवाला वाण म्हणून तसेच पेनड्राइव्ह भरून घेऊन वाटले. प्लास्टिकचे डबे काय, सगळ्याच देतात. बायका हरखल्या. त्यांनी पेनड्राइव्हच्या आणखी नकला करून जावांना दिल्या, नणंदांना दिल्या, एकीनं तर बार्शीला माहेरी धाडली.

उन्हाळ्यात एका सकाळी तो न बोलावता आला आणि चपलेसकट आत येऊन त्यानं नेटची वायर उपटली. प्रोग्रामातला एक बारका तुकडा परदेशातला कुणी माणूस वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता म्हणे. तो थकला, त्यानं काम दुसऱ्याच्या हाती दिलं. हा दुसरा माणूस नीट नव्हता.

"मग काय करतोय तो?" मी विचारलं.

"अजून कायबी करत न्हाय. त्याचंच भ्या वाटतंय."

माझ्या कॉम्प्युटरमधून त्यानं तो तुकडा काढला. बाकीच्यांना फोन करून पेनड्राइव्ह परत मागवा म्हणाला. आता तुम्हीच सांगा, दिलेलं वाण परत कसं मागायचं? मी नावं दिली, फोन केला नाही. तो एकटाच स्कूटरवरून दारोदार फिरला.

बायकांनी हसून त्याला वाटेला लावलं. चालतंय की, कशाला काढायचं? मग कुजबुज सुरू झाली. ह्याला आपल्या नक्ष्या पाहिजेत, म्हणून घराघरात शिरतोय. एकीच्या नवऱ्यानं त्याची कॉलर धरली. तिथून तो थेट माझ्याकडे आला. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. पाणीसुद्धा प्यायला नाही.

"तुमी एक शब्द सांगा त्यास्नी. तुमचं ऐकत्यात."

मी हो म्हटलं. खरं सांगते, हो म्हटलं आणि गप्प बसले. माझं वाण वाईट निघालं, हे माझ्याच तोंडानं कसं सांगू?

पंधरा दिवसांनी दुकानाला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं पुण्याला गेला, कुणी म्हणालं गावाकडं.

गेल्या सोमवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. नक्ष्या उघडत नाहीत, पडदा नुसता लाल होतोय. चहाला उकळी येईस्तोवर दुसरीचा आला. तिच्या सासऱ्यांपासूनच्या नक्ष्या त्यात होत्या. ती रडत होती. तिसरा फोन, ज्या घरात त्याची कॉलर धरली होती, तिथून आला. घरधनीच बोलत होता, अगदी मऊ आवाजात.

"अक्का, त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

मी नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश, त्याला लिहून घेता यावा म्हणून. तो नंबर आता लागत नाही, हे मला ठाऊक होतं.