दुप्पट वेगातली आई

मैत्रिणींनो, संध्याकाळपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून लिहिते.

आमच्या सांगवीच्या सोसायटीतली दहावीतली श्रेया माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तिची आई निघोजे गावातल्या एका कंपनीत कामाला आहे. मशीनच्या लाइनवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत ती लेकीला व्हॉइस मेसेज पाठवते.

आजचा मेसेज श्रेयाने माझ्यासमोरच दुप्पट वेगाने लावला. आईचा आवाज कार्टूनसारखा चिरचिरला आणि संपला.

"काय म्हणाली गं?"

"नेहमीचंच, काकू. ओव्हरटाइम आहे, जेवून घे."

"एवढ्या वेगात कळतं?"

"क्लासचे व्हिडिओ पण असेच बघते. साध्या स्पीडला बोअर होतं."

"माझ्यासाठी एकदा साधा लाव."

तोंड वाकडं करत तिने लावला. "आज पण ओव्हरटाइम आहे गं बाळा." मग आई थांबली. आवंढा गिळल्याचा आवाज आला. "जेवून घे हं."

"काकू, आई रडत होती?" श्रेयाने लगेच फोन लावला. तो बंद होता. सुट्टी संपली होती.

मग ती आईचे जुने मेसेज साध्या वेगात ऐकत बसली. व्याकरण राहिलंच.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर वाचताना प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायला लावायच्या. या मुलांना शाळा, क्लास, मोबाइल सगळेच पळवतात. आईच्या थांबण्यापाशी थांबायला त्यांना कोण शिकवणार?