पहिलं ‘नको’

आर्डिस लिंडवॉलला पहिला संशय आला तो त्या खुर्चीचाच. एवढी मऊ खुर्ची शाळेच्या कचेरीत कुणी उगाच ठेवत नाही. बसलं की माणूस रुततो, आणि रुतला की बोलायला लागतो. समोर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे रडवायचाही बेत होता तर!

मिनेसोटातल्या त्या गावात तिनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रूट नंबर सात. फेरी संपली की ड्रायव्हरनं मागपर्यंत चालत जायचं, एकेक बाक बघायचं आणि मागच्या काचेला ‘बस रिकामी’ ही पाटी लावायची. नोव्हेंबरात एकदा आर्डिसनं पाटी लावली, पण बाकं बघितलीच नाहीत. एक चिमुरडी कोटात गुरफटून झोपली होती. दहा मिनिटांत सापडली, हसत घरी गेली. आर्डिसचा जीव मात्र तिथंच अडकला. तेव्हापासून ती बस सात-सात वेळा तपासायची. घरी जाऊन पुन्हा आगारात यायची. अंगठ्याचं कातडं कुरतडून रक्त काढायची, आणि वर स्वतःलाच म्हणायची, “मूर्ख म्हातारे, तुझ्या हाती पोरं देणाऱ्यांची कमाल आहे!” शेवटी आगारप्रमुख गॉर्डीनं रूट काढून घेतला आणि तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. त्यांनी कागदावर ‘हो’ लिहिलं तरच सोमवारपासून बस तिची, नाहीतर दुसऱ्याची.

या बाई, रेनी ऑर्टेगा, ॲरिझोनाहून नुकत्याच आलेल्या. बोलणं गोड, आणि गोड बोलणाऱ्यांवर आर्डिसचा काडीचा भरवसा नव्हता.

“तुमच्याऐवजी चार नंबरच्या व्हर्नकडून हे झालं असतं, तर त्याला काय म्हणाला असतात?”

‘आता व्हर्नलाही गुंतवणार ही बया,’ आर्डिसच्या मनात आलं. “काही नाही,” ती म्हणाली.

“छातीवर हात ठेवून स्वतःशी तसंच बोलून बघा.”

“हं.” छातीवर हात म्हणजे कबुलीजबाब. एवढी काही ती दुधखुळी नव्हती.

मग बाईंनी सरळच विचारलं, “सात नंबर परत हवाय?”

“छे हो! माझ्यासाठी कशाला त्रास? द्या दुसऱ्या कुणाला.”

बाईंनी मान डोलावली, तसंच लिहिलं आणि वही मिटली.

आर्डिस बघतच राहिली. अहो, या गावात पहिलं ‘नको’ म्हणजे नुसती रीत! दुसरं ‘नको’ संकोचाचं. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस हळूच ‘बरं’ म्हणतो. ताटलीतला शेवटचा बटाटासुद्धा इथं तीनदा विचारल्याशिवाय कुणी घेत नाही. आणि ही बाई एकाच नकारावर मोकळी झाली!

बाहेर बर्फात गाडीशी उभी राहून ती धुमसत होती. डाव होता सगळा! गॉर्डीही सामील असणार. अंगठा तोंडात गेलाच. “मूर्ख म्हातारे, हो म्हणायला काय...” आणि ती थांबली. गेल्या वर्षी व्हर्नची बस पोरांसकट खड्ड्यात गेली होती. तेव्हा त्याला ती मूर्ख म्हणाली होती का? तासभर त्याच्याजवळ बर्फात उभी होती.

कुणी बघत नाही ना, हे तिनं दोनदा पाहिलं. मग कोटावरून हात छातीवर ठेवला.

“चुकलं, आर्डिस,” ती पुटपुटली. “पोरगी सुखरूप आहे. तू किती थरथरतेयस गं.”

एवढंच. पण रडू आलं ते थांबेचना. तीन महिन्यांत कुणी तिच्याशी असं बोललं नव्हतं, आणि सगळ्यात कमी तर ती स्वतःच. डोळे पुसून ती तशीच आत गेली.

“सात नंबर मला हवाय.”

“मघाशी तर...”

“मघाशी मी रीत पाळत होते.”

“बस किती वेळा तपासाल?”

हा प्रश्न सापळ्यासारखा वाटला, तरी तिनं उत्तर दिलं. “एकदा. पण बाक न् बाक बघून.”

“नक्की?”

‘राहू दे हो’ अगदी ओठांवर आलं. आर्डिसनं टेबलाची कड घट्ट धरली.

“बाई, पुन्हा विचारू नका, मी नको म्हणेन. जन्मभर मी सगळ्यांना तीन-तीनदा विचारत आले. स्वतःला आज पहिल्यांदा विचारलंय.”